टिंडेलाचे घर

मुलांच्या वाचनावर सुरू केलेल्या लेखांचा तिसरा भाग या महिन्यात यायला हवा होता. तो पुढच्या अंकात येईल, इन्शाअल्लाह. या सुट्टीत घरातच एक जुने काम निघाले आणि ते लिहिल्याशिवाय दुसरे काही सुचेना. शिवाय आपल्या वाचकांत खाडीकाठची, जहाजावर माणसे पाठवणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींना हे आपलेच वाटेल.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात आमच्या घराला ‘टिंडेलाचे घर’ म्हणतात. टिंडेल म्हणजे जहाजाच्या डेकवर सारंगाच्या हाताखालचा मुकादम. घरातला शेवटचा टिंडेल म्हणजे आमचे पणजोबा. त्यांचा फोटो नाही, कबर नाही. घरात त्यांची वस्तू म्हणून एक लोखंडी ट्रंक, तीही गंजून भोक पडलेली. ते ‘बाहेर’ वारले, एवढेच आम्हा मुलांना माहीत होते.

कसे वारले, याची दोन उत्तरे होती. घरातले उत्तर असे की दर्याने नेले. गावातले उत्तर निराळे होते आणि ते हळू आवाजात सांगितले जाई: टिंडेल मेला-बिला नाही, आफ्रिकेत उतरला आणि तिथेच दुसरे घर केले. असे होत नसे असेही नाही. मोंबासा, झांझिबार, डर्बन ही नावे आमच्या भागात चिपळूण-खेडइतकीच ओळखीची. केपटाऊनला तर कोकणी मुसलमानांची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. कोणी तिथे राहिला, कोणी निकाह केला, कोणाची पत्रे बंद झाली. त्यामुळे ही गोष्ट लोकांना खरी वाटायला काही अडचण नव्हती. अडचण होती ती आमच्या बडी दादीला, म्हणजे पणजीला. पन्नास वर्षे तिने ‘जिचा नवरा परत आला नाही ती’ म्हणून काढली. आम्ही पाचवीत असताना ती वारली. तोवर तिच्या हातात बांगड्या होत्या. ती इद्दतीला कधी बसलीच नाही.

आज वाटते, तिच्यापुढे रस्ता होता. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर बायकोला कोर्टाकडून निकाह रद्द करून घेता येतो. त्याच्या काही वर्षे आधी हनफी उलमांनीही या प्रश्नावर मालिकी मसलकाचा चार वर्षांचा मार्ग स्वीकारला होता, कारण ज्यांचे नवरे बेपत्ता झाले अशा बायकांचे हाल डोळ्यांसमोर होते. पण खाडीकाठच्या एका बाईपर्यंत हे कोण पोहोचवणार? आणि पोहोचवले असते तरी तिने मानले असते असे वाटत नाही. तिच्या लेखी ती बेपत्ता माणसाची बायको नव्हतीच. तिचा नवरा कामावर गेला होता.

आमच्या फुफीदादी, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहीण, आता ८५ वर्षांच्या आहेत आणि मुंब्र्याला मुलीकडे असतात. गेल्या रमजानच्या ईदला भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला जवळ बसवले आणि म्हणाल्या, “बाळा, तू शिकलेला, शाळेत शिकवतोस. माझे बाबा कधी गेले तेवढं मला शोधून दे. गेले हे ठाऊक आहे. कधी गेले ते ठाऊक नाही.”

आम्हाला वाटले, म्हातारपणाची ओढ आहे. तसे नव्हते, हे पुढे कळले.

शोध आम्ही चुकीच्या ठिकाणी सुरू केला. घरात सगळ्यांच्या तोंडी ‘आफ्रिकेची बोट’ होती, म्हणून आम्ही थेट ‘तिलावा’ धरली. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही आगबोट २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली आणि २३ तारखेच्या पहाटे हिंदी महासागरात जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारून बुडवले. बोटीवर प्रवासी आणि खलाशी मिळून ९५८ माणसे होती, त्यांतली २८० गेली. वाचलेल्यांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने उचलून मुंबईला परत आणले. आमच्या पंचक्रोशीतला एक जण त्या बोटीतून वाचून आला होता म्हणतात. त्याची गोष्ट इतकी सांगितली गेली की आमच्या पणजोबांची गोष्ट तिच्यात मिसळून गेली असावी. मरहूमांची यादी आम्ही दोनदा पाहिली. पणजोबा तिच्यात नव्हते.

मग आम्ही आमच्या धंद्याकडे वळलो. शिक्षकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: घरातली माणसे तारखा विसरतात, शाळेचे रजिस्टर विसरत नाही. गावची उर्दू शाळा जुनी आहे. मुख्याध्यापक ओळखीचे. त्यांनी कपाटातून दाखल-खारिजचे रजिस्टर काढून दिले. पाने पिवळी, शाई उडालेली, पण अक्षर इतके सुंदर की आजच्या आमच्या डी.एड. मुलांना दाखवावे.

आमचे आजोबा त्यात दोनदा आहेत. पहिल्यांदा दाखल झाले तेव्हा वालिदचे नाव आणि पेशाच्या रकान्यात ‘जहाजी’. मध्ये वर्षभर शाळा सुटली. जून १९४२ मध्ये पुन्हा दाखल झाले. त्या ओळीत ‘वली’च्या रकान्यात चुलत्याचे नाव आहे आणि वालिदच्या नावापुढे बारीक अक्षरात एक शब्द: मरहूम.

आम्ही तो शब्द किती वेळ पाहत बसलो हे सांगत नाही. त्याने दोन गोष्टी झाल्या. एक, तिलावा बाद झाली. ती बुडाली नोव्हेंबरमध्ये, आणि इथे जूनमध्येच मरहूम लिहिलेले. दुसरी गोष्ट जड होती. म्हणजे गावात खबर आली होती. मुंबईच्या शिपिंग ऑफिसातून कागद आला असणार, कोणीतरी तो वाचला असणार, चुलत्याने तो शाळेत सांगितला, मास्तरांनी लिहिला, आणि चौदा वर्षांचे आमचे आजोबा त्या वेळी समोर उभे असणार. बडी दादीला सांगितले नाही, की सांगूनही तिने मानले नाही, हे आता कोणी सांगू शकणार नाही. फुफीदादी तेव्हा दोन वर्षांच्या होत्या. त्यांचा जन्म जून १९४०, तोही याच शाळेच्या दुसऱ्या रजिस्टरातून मिळाला. म्हणजे पणजोबा शेवटचे घरून निघाले ते १९३९ च्या अखेरीनंतर कधीतरी, आणि १९४२ च्या पावसाळ्याआधी गेले. अडीच वर्षांचा पट्टा हातात आला.

आता कुठे शोधायचे ते कळले. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही १९१७ पासूनची संस्था ठेवते आणि त्या मोबाईलवरही फुकट पाहता येतात. पुष्कळांना वाटते त्यात फक्त फौजी आहेत. तसे नाही, व्यापारी जहाजांवरचे खलाशीही आहेत. त्या काळी ब्रिटिश जहाजांवर काम करणाऱ्या चारांतला एक जण हिंदुस्थानी होता. गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगारावर तो नेला जाई, पण टॉर्पेडो दोघांना सारखाच लागे. दुसऱ्या महायुद्धात गेलेले आणि कबर नसलेले अविभक्त हिंदुस्थानचे सुमारे साडेसहा हजार नाविक दोन वह्यांत नोंदले आहेत. एक वही चितगावला, तिची जोडीदार मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारकही त्याच इमारतीत आहे. लंडनला टॉवर हिलवर ब्रिटिश खलाशांची नावे भिंतीवर कोरली आहेत, आपल्या माणसांची वहीत. मशीद बंदरवरून आम्ही आयुष्यात किती वेळा गेलो असू, मिठाई-मसाले घेऊन लोकल पकडली असेल. एकदाही मान वर करून पाहिले नाही.

शोधायला बसलो तर नावाने घोळ घातला. इंग्रज कारकुनाने कानाला जसे वाटले तसे लिहिले. इस्माईल एका ओळीत ‘आय’ने सुरू होतो, दुसऱ्या ओळीत ‘ई’ने. आडनाव बहुधा गायब; आपले नाव, पुढे बापाचे नाव, संपले. रत्नागिरीचेही स्पेलिंग एक नाही. एकाच नावाचे डझनभर खलाशी निघाले. आम्ही नावाने शोधणे सोडले आणि हुद्दा, वर्ष आणि जिल्हा यांवरून चाळायला लागलो. मुलगी शेजारी बसून वहीत फुल्या मारत होती. चौथ्या रात्री ती म्हणाली, “अब्बा, हा टिंडेल आहे.”

टिंडेल. वय ३८. बापाचे नाव जुळते. गावाचे नाव एका अक्षराने बिघडलेले, पण आमचेच. फेब्रुवारी १९४१, उत्तर अटलांटिक. हिजरी सन काढून पाहिला तर मोहरम १३६०. आणि शेवटच्या ओळीत, इंग्रजीत, ‘अमुकचा नवरा’ म्हणून बडी दादीचे नाव. कारकुनाने त्यातलेही एक अक्षर गिळले आहे, तरी ते तिचेच आहे, दुसऱ्या कोणाचे नाही. गाव पन्नास वर्षे जी दुसरी बाई सांगत होते ती त्या ओळीत नव्हती. थंड पाण्यात बुडालेल्या माणसाने कामावर जाताना कंपनीच्या कागदावर वारस म्हणून जे नाव सांगितले असेल, ते हिचे होते.

दुसऱ्या दिवशी जमातीच्या पेशइमामांकडे गेलो. आम्ही शाफई. आपल्या मसलकात गायबाना जनाजा आहे, हनफी तो मानत नाहीत; नजाशीच्या जनाज्याची हदीस सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला वाटले, येत्या जुम्म्याला तरी नमाज पढवता येईल. मौलाना ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारले, “तुमच्या घरात १९४१ मध्ये समजत्या वयाचं कोणी आज आहे का?” आम्ही नाही म्हणालो. त्यांनी सांगितले की शाफई फिक्हमध्ये प्रचलित मत असे आहे की गायबाना जनाजा त्यानेच पढावा, ज्याच्यावर मृत्यूच्या वेळी ती नमाज लागू होऊ शकत होती. नंतर जन्मलेल्यांनी दुआ करावी, कुरआन पढावे, सवाब पोहोचवावा. बुडून मरणाऱ्याला हदीसमध्ये शहीदांत गणले आहे, तेवढी तसल्ली ठेवावी.

म्हणजे ती नमाज पढता येईल अशी माणसे होती. बडी दादी होती, आजोबा होते, चुलते होते, सगळा मोहल्ला होता. १९४२ मध्ये कागद आला होता. आम्ही चार रात्री जागून जे शोधले ते त्या वेळी गावात कोणाच्या तरी खिशात होते.

हा कागद घेऊन मुंब्र्याला गेलो. फुफीदादींनी तारीख दोनदा वाचून घेतली. रडल्या नाहीत. जरा वेळाने म्हणाल्या, “आता वाटणी होईल ना?”

आम्हाला पटकन उमगले नाही. मग त्यांनी सांगितले. त्यांचा आणि मोठ्या बहिणीचा निकाह झाला तेव्हा, आणि नंतरही कितीदा, वाटणीचा विषय निघाला की घरात एकच उत्तर मिळे: बाप हयात असताना वाटणी कसली? बाबा येतील तेव्हा बघू. हे म्हणणारे आमचे आजोबा होते. ज्यांच्या नावाच्या ओळीत, त्यांच्या देखत, मरहूम लिहिले गेले होते ते.

आजोबांना आम्ही फार मानतो. त्यांनी आम्हाला उर्दू शिकवली, त्यांची फजर कधी चुकलेली पाहिली नाही. आईचे मन मोडू नये म्हणून ते असे म्हणत असतील, ही गोष्ट आम्ही स्वतःला समजावून पाहिली. बडी दादी होती तोवर ती पटतेही. पण ती १९९० मध्ये गेली. आजोबा त्यानंतर तेरा वर्षे होते. त्या तेरा वर्षांचे काय, याला आमच्याजवळ उत्तर नाही. आणि ते गेल्यावर भातजमिनीचा तुकडा, डोंगराची वरकस आणि त्यावरची आंब्याची कलमे आमच्या वडिलांनी आणि चाचांनी खाल्ली, म्हणजे आम्हीही खाल्ली. त्या आंब्यांच्या पैशांतून आमचे बीएड झाले आहे.

हिशोब अवघड नाही. पणजोबांचे आईवडील आधीच वारलेले. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. बायकोला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. बत्तीस भाग केले तर बायकोला ४, मुलाला १४, मुलींना ७ आणि ७. बायको वारली तेव्हा तिन्ही मुले हयात होती, म्हणून तिचे ४ पुन्हा त्याच प्रमाणात गेले: मुलाला २, मुलींना १-१. शेवटी मुलाचे १६, मुलींचे ८ आणि ८. म्हणजे शरीअतप्रमाणे त्या जमिनीचा निम्मा भाग आमचा नाही आणि कधी नव्हता. सातवीच्या मुलाला हे गणित फळ्यावर सोडवता येईल. आमच्या घराला ते ऐंशी वर्षे सुटले नाही, कारण मांडायला तारीख नव्हती. किंवा तारीख होती आणि ती मांडायची नव्हती.

वडिलांना हे सांगताना घशाला कोरड पडली होती. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “फुफीला मी भेटतो. तू येऊ नकोस.” चाचा रागावले. म्हणाले, मेलेली माणसे उकरून काय मिळाले? त्यांचा राग आम्ही समजू शकतो. कलमांची सगळी मेहनत त्यांची आहे, आम्ही तर मे महिन्यात जाऊन पेट्या मोजणारे. मेहनतीचा हिशोब निराळा मांडावा, तो त्यांना मिळावा, असे आमचेही मत आहे. पण हिस्सा हिस्साच राहतो. बोलणी अजून चालू आहेत. मोठ्या फुफीदादी वारल्या, त्यांची मुले कुवेतला आहेत, त्यांना फोन झाला.

कागदोपत्री अडचण वेगळीच. सातबाऱ्यावर अजून पणजोबांचे नाव आहे. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला हवा. आम्ही कमिशनच्या नोंदीचा छापील कागद पुढे ठेवला, तर दफन कुठे झाले त्याची पावती मागितली गेली. अटलांटिकची पावती कोण देणार! वकील म्हणाले, सात वर्षे ज्याची खबर नाही तो मेला असे कायदा गृहीत धरतो, पण कधी मेला ते गृहीत धरत नाही. ते आपण शाबीत करायचे. त्यासाठी ही नोंद आणि शाळेचे रजिस्टर, दोन्ही लागतील. शाळेचा उतारा आम्ही काढून ठेवला आहे.

ज्यांच्या घरी असा एखादा माणूस दर्यात किंवा परदेशी राहिला असेल त्यांना आमच्या अनुभवातून इतकेच सांगतो की नावावरून सुरुवात करू नका. आधी गावातले कागद पाहा: शाळेचे रजिस्टर, जमातीची निकाहची वही, मुंबईतल्या गावच्या खोलीचा जमाखर्च. त्यावरून वर्ष अरुंद करा. माणूस पहिल्या युद्धातला असेल तर १९१५ सालच्या ब्रिटिश जहाजांच्या खलाशी-याद्या इंग्लंडच्या संस्थांनी खुल्या केल्या आहेत, त्यांत आपले लोक पुष्कळ आहेत. १८६३ ते १९३८ पर्यंतच्या अशा याद्यांचा मोठा साठा कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहे. तिथे जहाजाच्या नावाने किंवा नंबराने विचारावे लागते. आणि नाव सापडले नाही तर माणूस खोटा होता असे समजू नका. या कमिशनने स्वतःच २०२१ मध्ये मान्य केले की पहिल्या युद्धातल्या किमान १,१६,००० जणांची, बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्यांची, नावाने आठवण ठेवलीच गेली नाही.

आमच्या पणजोबांच्या जहाजाचे नाव मात्र आम्ही इथे मुद्दाम लिहिलेले नाही. सारंग आपल्याच भागातली माणसे भरती करून नेत असे, त्यामुळे जहाज बुडाले की एकाच खाडीची घरे बुडत. त्या तारखेला, त्या जहाजावर आमच्या आसपासचे आणखी पाच जण आहेत. दोघांच्या घरांचा पत्ता लागला आहे. सारंगाचे घर खाडीपलीकडे. तिथल्या जमातीच्या सदरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, त्या घरात त्याची मुलगी अजून आहे, नव्वदीच्या पुढची. तिला एकदम सांगू नका, आधी तिच्या मुलाला भेटा. रविवारी जोहरनंतरच्या फेरीबोटीने जायचे ठरले आहे. वडील बरोबर येतो म्हणाले.